लिपीनीची वेस

मी आयुष्यात एकाच ग्रामपंचायतीचा भूगोल तोंडपाठ केला, आणि तोही शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये, मोटारीच्या मागच्या सीटवर बसून. पुण्यात वाढले असले तरी मुळशी तालुक्यातली चार गावं मला धड ओळीने सांगता येणार नाहीत. पण पोलंडच्या पश्चिमेला, पाइनच्या जंगलांत आणि तळ्यांच्या मधोमध लिपीनी नावाची जी पंचायत आहे, तिच्यात कुठलं गाव कुठल्या वळणावर येतं, करकोच्याचं घरटं कुठल्या धुराड्यावर आहे आणि मुलं कुठल्या पुलाखाली पोहायला शिकतात, हे मला आजही न अडखळता सांगता येईल.

ज्यांनी हे शिकवलं ते तात्या या वसंतात गेले. त्यांच्या बहिणीचा फोन आला होता. तिला इंग्रजी बेताचं येतं आणि मला पोलिश मुळीच येत नाही. त्यामुळे बातमी सांगून झाल्यावर आम्ही दोघी बराच वेळ नुसतं त्यांचं नाव घेत राहिलो. ती तादेउश म्हणायची, मी तात्या म्हणायचे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की रडू येण्याऐवजी मला सारखा तो रस्ता आठवत होता.

तात्या हे नाव देसाईंनी ठेवलं. देसाई राजापूरकडचे, आमच्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळायचे. नवीन प्रॉडक्शन मॅनेजर पोलंडहून आलेत आणि त्यांचं नाव तादेउश आहे, हे कळल्यावर त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, एवढ्या मोठ्या माणसाला रोज नावाने हाक मारायची कशी? आपण तात्या म्हणू." साहेबांनी अर्थ विचारला. देसाईंनी सांगितलं की आमच्या गावात वडीलधाऱ्या, जरा तापट, पण मनाने बऱ्या माणसाला तात्या म्हणतात. साहेबांनी थोडा विचार केला. "तापट हे तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलताना ते "तात्या स्पीकिंग" म्हणू लागले.

आमची फॅक्टरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये होती. उंच इमारतींना बाहेरून काचेची आवरणं लागतात, त्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी तिथे बनत. मी ड्रॉइंग्ज आणि कागदपत्रांच्या विभागात होते. माझा नवरा, श्रीधर, हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. घर शारजात, कारण तिथे भाडं परवडायचं. तात्याही शारजातच राहत, आमच्या मागच्या गल्लीत. ते मात्र हौसेने राहत. युरोपातून आलेले सगळे साहेब दुबईत राहत, कारण शारजात दारूबंदी. तात्यांना कुणी त्याबद्दल विचारलं की ते म्हणत, "तिथे लोक संध्याकाळी लिफ्टने वर जातात. इथे लिफ्टने खाली येऊन बसतात. गाव असं असतं."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आणि देसाईंना बस स्टॉपवर उभं पाहिलं, गाडी थांबवली आणि 'चला' या अर्थाने अरबीत म्हणाले, "यल्ला." त्यानंतर आम्ही रोज त्यांच्याच गाडीतून जाऊ लागलो.

तात्या उंच, लालबुंद, पांढऱ्या मिशांचे. बाहेर भट्टी पेटलेली असली तरी अंगात लोकरी बंडी असायची, कारण ऑफिसातल्या एसीचा त्यांना राग होता. सुतळीचा तुकडा कधी टाकत नसत. काचांच्या पेट्यांवरून निघालेल्या दोऱ्या गुंडाळून त्यांच्या खिशात जायच्या, आणि फॅक्टरीत कुणाचं काहीही निसटलं, तुटलं, लोंबकळलं की ते खिशात हात घालायचे. गाठ मात्र अशी मारत की कापल्याशिवाय सुटायची नाही. आमच्याशी ते इंग्रजीत बोलत. देसाईंशी बोलताना त्यात शॉप फ्लोअरवर उचललेलं हिंदी घालत, आणि ते इतक्या आत्मविश्वासाने की बिहारचे वेल्डरसुद्धा आपल्याच हिंदीबद्दल साशंक होत. देसाईंनी एकदा त्यांना सोलकढी पाजली. तात्यांनी पेल्यात पाहिलं, वास घेतला, प्यायले आणि गंभीरपणे म्हणाले, "हे आमच्या आईचं बिटाचं सूप आहे. कुणीतरी ते फ्रिजमध्ये विसरलं होतं."

आता रस्त्याविषयी. त्या दिवसांत शारजातून सकाळी निघून दुबईच्या पलीकडच्या टोकाला पोचायचं म्हणजे दीड-दोन तासांची निश्चिंती. गाडी एक हात पुढे जाई आणि थांबे. लोक गाडीत दाढी करत, नाश्ता करत, नवऱ्याबायकोची भांडणं उरकत. मी पुस्तक वाचायचा प्रयत्न केला, पण थांबत-चालत वाचलं की डोकं दुखे. अशाच एका सकाळी, शारजाची हद्द ओलांडायच्या सिग्नलपाशी आम्ही अडकलो असताना, तात्या स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरत म्हणाले, "चला. इथून आमची पंचायत सुरू."

"कुठली पंचायत?" देसाईंनी विचारलं.

"लिपीनी. ही बघा पाटी. पांढरी, काळ्या अक्षरांची. एका कोपऱ्याला गोळी लागलेली आहे, ती माझ्या मामाने झाडली. डुक्कर समजून."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे पाच-सहा गावं मिळून एक कारभार असतो. एक कचेरी, एक प्रमुख, आणि गावागावाचा एकेक मुखिया.

"म्हणजे ग्रुप ग्रामपंचायत!" देसाई उसळून म्हणाले. "आमची पण तीच हो. दोन गावं, सात वाड्या आणि एक ग्रामसेवक. तो कधी सापडत नाही."

"आमचा सापडतो," तात्या म्हणाले. "तळ्यावर. गळ टाकून बसलेला."

त्या दिवसापासून लिपीनी आमच्या रस्त्यावर पसरली. सिग्नलपाशी वेस. रंगाच्या कारखान्याजवळच्या पुलावर, जिथे गाड्या सगळ्यात जास्त तुंबत, तिथे झालेसे नावाचं गाव आणि त्याच्या मागचं जंगल. मिर्दिफपाशी नदी, लाकडी पूल आणि त्याखाली पोहणारी मुलं. पुढे रस्त्याच्या कडेला उंटांची कुंपणं लागत, तिथे मुख्य गाव: विटांचं लाल चर्च, पंचायतीची कचेरी, अग्निशमन दलाची शेड आणि त्यासमोर एका बाईंचं दुकान, ज्यात खिळ्यांपासून पावापर्यंत सगळं मिळे. आमच्या एक्झिटच्या अलीकडे तळं, आणि तळ्यापलीकडे तात्यांचं घर. रोज जॅममध्ये जिथे अडकू तिथला धडा. झालेसेवर आमच्या इतक्या सकाळी जात की तिथल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव मला ठाऊक झालं होतं.

भूगोलही ते याच पद्धतीने शिकवत. बाहेर वाळवंट दाखवून म्हणत, "आमच्याकडेही हीच वाळू आहे. फार पूर्वी उत्तरेकडून बर्फाचा डोंगर आला. सगळी वाळू आमच्या पंचायतीत ओतली, खड्डे खणले आणि वितळून गेला. कॉन्ट्रॅक्टर पळाला, मलबा तसाच. खड्ड्यांत पाणी साठलं त्यांची तळी झाली. वाळूवर पाइन उगवले, बटाटे उगवले. बघा मॅडम, वाळू तीच. मॅनेजमेंट वेगळी."

इतिहासाची पाळी जरा उशिरा आली. एकदा पुलावर दोन ट्रक आडवे झाले आणि झालेसेतच अख्खी सकाळ जाणार हे स्पष्ट झालं, तेव्हा ते आपल्या आजीविषयी बोलले.

लिपीनीत युद्धाआधी जर्मन लोक राहत. युद्ध संपलं, नकाशावरच्या रेघा सरकल्या, ते लोक पश्चिमेकडे गेले आणि त्यांच्या रिकाम्या घरांत दूर पूर्वेकडून उठवून आणलेली पोलिश माणसं उतरवली गेली. तात्यांची आजी मालगाडीच्या डब्यातून आली, एक गाय आणि एक ट्रंक घेऊन. जे घर मिळालं त्याच्या कपाटात दुसऱ्या कुणाच्या तरी बशा होत्या, निळ्या काठाच्या. आजी त्या बशांत जेवली, पण ट्रंक तिने उघडली नाही. आज ना उद्या कुणीतरी येईल आणि आपल्याला पुन्हा उठवेल, अशी तिची खात्री होती. त्या पंचायतीत प्रत्येक घरात एक ट्रंक अशीच बांधून ठेवलेली असे. लोक नांगरत होते, लग्नं करत होते, मुलं जन्माला घालत होते, आणि ट्रंक दाराशी.

"मी कॉलेजात होतो तेव्हा," तात्या म्हणाले, "आमच्या फाटकाशी एक मोटार थांबली. आतून एक म्हातारी बाई उतरली. जर्मन. आत आली नाही. नुसती छपराकडे बघत उभी राहिली. आजीला कळलं की ही कोण."

"घर परत मागायला आली?" देसाईंनी श्वास रोखून विचारलं.

"आजीलाही तेच वाटलं. ती बाहेर गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आजीने तिला हाताला धरून आत आणलं, टेबलाशी बसवलं आणि निळ्या काठाच्या बशीत जेवायला वाढलं. बाईंनी बशी ओळखली. दोघी रडल्या, मग दोघी हसल्या, कारण त्या बशीचा टवका लहानपणी आपणच उडवला होता, हे तिने खुणेने सांगितलं. जेवून ती निघाली. आणि आमच्याकडे रीत आहे मॅडम, पाहुणा निघाला की घरच्या माणसाने त्याला वेशीपर्यंत पोचवायचं. पाटीपर्यंत. मोटार असली तरी. आजी म्हणाली, चालत जाऊ. मोटार मागून हळूहळू येत होती आणि या दोघी पुढे. पाटीपाशी आजीने तिला निरोप दिला. परत आली आणि ट्रंक उघडली."

मागून हॉर्न वाजले तेव्हा कळलं की पुढचा ट्रक केव्हाच हलला होता.

"वेशीवर जो निरोप देतो," गाडी पुढे घेत तात्या म्हणाले, "त्याचं ते गाव. त्या दिवसापर्यंत आजी पाहुणी होती. त्या वर्षी तिने अंगणात अक्रोड लावला."

त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी आमच्या बेडरूममधले पुस्तकांचे खोके उघडले. पुण्याहून येताना आणलेले. दोन वर्षांसाठीच तर आलोय, म्हणून ते बंद ठेवले होते, आणि त्या दोन वर्षांना बरीच वर्षं झाली होती. श्रीधर नुसता बघत होता. मीरा, आमची मुलगी, तेव्हा लहान होती. ती म्हणाली, "ममा, आर वी मूव्हिंग?" मी म्हटलं, "नाही ग. त्याच्या उलट."

पण खुद्द तात्यांची ट्रंक काही उघडत नव्हती. आयुष्यभर ते एका प्रोजेक्टवरून दुसऱ्यावर फिरत आले होते. लिबिया, कुवेत, मग इथे. बायको केव्हाच गेली होती, मूल नव्हतं. तळ्याकाठचं घर त्यांच्या नावावर होतं, कुलूप लावलेलं. शेजारच्या घरात बहीण आणि मेहुणे. वर्षातून एकदा सुट्टीवर जात. जाऊन आले की एक-दोन दिवस गप्प असत. एकदा देसाईंनी छेडलंच, "क्या तात्या, गाव जाके मूड ऑफ?"

"दुकानातली बाई," तात्या म्हणाले, "मला जन्मापासून ओळखते. मी आत गेलो की पहिला प्रश्न: तादेक, किती दिवस आहेस?"

"अरे वा! सेम टू सेम," देसाई टाळी देत म्हणाले. "मला पण स्टँडवर उतरल्या उतरल्या. देसाई, कधी आलास, परत कधी?"

"आणि निघताना मेहुणा मला पाटीपर्यंत पोचवतो. दर वर्षी. मी पाहुणा. मी एकदाही त्या बाजूला उभा राहिलेलो नाही." मग ते हसले. "पुढच्या वर्षी जातो कायमचा. हे टॉवर संपू दे."

पुढच्या वर्षी म्हणजे नेमकं कधी, हे विचारायचं नसतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. गल्फमध्ये ते वर्ष सगळ्यांचंच असतं.

मग मंदी आली. वर्तमानपत्रांत अमेरिकेतल्या बँकांविषयी बरंच येत होतं, पण आम्हाला ती आधी रस्त्यावर दिसली. एका सकाळी आम्ही झालेसेला फारच लवकर पोचलो. तात्या कुत्र्यांबद्दल बोलत होते आणि अर्ध्या वाक्यात पूल संपला. दुसऱ्या दिवशी तेच. काही आठवड्यांत रस्ता असा मोकळा झाला की नदी, पूल, पोहणारी मुलं सगळं भर्रकन मागे जाऊ लागलं. तात्या भराभरा बोलत, मग वैतागत. "इतक्या स्पीडमध्ये चर्च दिसत नाही!" ते म्हणत आणि मुद्दाम उजवीकडच्या संथ लेनमध्ये गाडी घालत. मागचे हॉर्न वाजवत. टॉवर अर्धे राहिले, क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. ओळखीची माणसं भेटली की हळू आवाजात एकच प्रश्न, "तुमच्याकडे कसं काय?"

आमच्याकडे एकेक मशिन बंद होत गेलं. श्रीधरची नोकरी टिकली, माझीही कशीबशी टिकली. देसाईंची गेली. मालकांनी तात्यांना बोलावून घेतलं. इथलं खलास, पण दोह्याला मोठं काम आहे, हुद्दा वरचा, येत्या महिन्यात निघा. तात्यांनी आम्हाला हे गाडीत सांगितलं. समोरचा रस्ता रिकामा होता.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, इन्शाल्ला."

इन्शाल्ला म्हणजे हो की नाही हे ठरवणं मोठं अवघड. देसाई मात्र भडकले. "वहिनी, सांगा यांना. रोज गाडीत बसवून आम्हाला गाव दाखवतात. घर आहे, तळं आहे, अक्रोड आहे. आणि चालले दोह्याला! मला तर ढकलून पाठवतायत, तरी मी घरी कौलं बघायला निघालोय. मग दोह्यातपण रस्त्यावर लिपीनी मांडणार का?"

तात्यांच्या मिशा हलल्या. त्यांचं काय पणाला लागलंय हे आम्हा तिघांनाही कळत होतं. दोह्यानंतर आणखी एक दोहा निघाला असता, आणि ते पाटीच्या नको त्या बाजूलाच म्हातारे झाले असते.

देसाई निघाले तो दिवस मला सणासारखा आठवतो. काढून टाकलेल्या माणसाच्या निरोपाला इतकं हसणं शोभतं का, असं तेव्हाही मनात आलं होतं. त्यांच्या खोलीवर तात्या दुपारपासून हजर. एक टीव्ही, दोन जाडजूड ब्लँकेटं, दुधाच्या पावडरीचे डबे, भाचीसाठी बोलणारी बाहुली. तात्यांनी खिशातून साठवलेली सगळी सुतळी बाहेर काढली. टीव्हीचा खोका त्यांनी असा बांधला की देसाई म्हणाले, "अहो, हे राजापूरला सुटणार कसं?"

"सुटणार नाही," तात्या म्हणाले. "म्हणजे तुम्ही पुन्हा तो घेऊन कुठे जाणार नाही."

खोक्यात बाहुलीचं बटण दाबलं गेलं आणि ती आतून "आय लव्ह यू, मम्मी" म्हणू लागली. विमानतळापर्यंत दर खड्ड्याला म्हणत होती. ट्रॉलीवर सामान चढवताना म्हणाली तेव्हा रांगेतला एक पठाण दचकून बाजूला झाला. देसाईंना आणि तात्यांना हसता हसता ठसका लागला. मग आत जायची वेळ झाली. देसाईंनी माझ्या हातात एक पुडी दिली, "वहिनी, ही शेवग्याची बी, तात्यांना द्या, मी दिली तर रडतील." तात्या बाजूलाच उभे होते. देसाईंनी त्यांना कडकडून मिठी मारली. "तात्या, अब तू भी घर जा. मैं फोन करेगा. लिपीनी में."

देसाई काचेच्या दारातून आत गेले. तात्या हात वर करून उभे राहिले, ते दिसेनासे होईपर्यंत, आणि नंतरही. मग हात खाली घेऊन त्यांनी तो नवलाने पाहिला.

"मॅडम," ते म्हणाले, "आज पहिल्यांदा मी या बाजूला उभा राहिलो."

"हो."

"पण ही वेस चुकीची आहे."

परतताना ते शारजाच्या हद्दीवरच्या सिग्नलपाशी, जिथे त्यांची पंचायत सुरू व्हायची, तिथे म्हणाले, "दोह्याला नाही म्हणतो." आणि लगेच, "चला, भूक लागली."

तात्या लिपीनीला परतले तेव्हा शेवग्याची बी बंडीच्या खिशात घालून गेले. तिथून त्यांचे मेल येत, छोटे, तारेसारखे. शेवगा कुंडीत रुजला, खिडकीत ठेवलाय. पुढचा मेल हिवाळ्यात: शेवगा खलास. वसंतात: नवी बी, इन्शाल्ला. हे दर वर्षी. अग्निशमन दलात त्यांना भरती करून घेतलं होतं, दोऱ्या सांभाळायला. गावातली मुलं त्यांना 'अरब' म्हणत. दुकानातली बाई मात्र अजून तोच प्रश्न विचारते, असंही एकदा त्यांनी लिहिलं होतं. किती दिवस आहेस? कायमचा, असं सांगितलं तरी तिचा विश्वास बसत नाही. शेवटी दर वेळी एकच ओळ असे: कुणीतरी या. मला निरोप द्यायचाय.

आम्ही गेलो तोवर मीरा कॉलेजात जायच्या वयाची झाली होती. ऑगस्ट संपत आला होता, राय नावाचं धान्य कापून झालं होतं आणि शेतांत करकोचे निघायच्या बेताने जमत होते. ठरल्याप्रमाणे तात्या पंचायतीच्या वेशीवर थांबले होते. पाटी पांढरी, अक्षरं काळी. कोपऱ्यात भोक होतं. मी त्यात बोट घालून पाहिलं. श्रीधर आमची भाड्याची गाडी चालवायला बसू लागला तर त्यांनी त्याला मागे बसवलं, मला पुढे बसवलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. राजापूरहून देसाई ओरडत होते, "वहिनी, पाटी दिसली का? भोक आहे का?"

"आहे हो!"

"मग यल्ला! आता जंगल. डाव्या हाताला झालेसे. पहिल्या घरात काळा कुत्रा."

कुत्रा करड्या रंगाचा होता. "तो गेला, हा त्याचा नातू," तात्यांनी फोनमध्ये सांगितलं. पुढचं सगळं मी आणि देसाई आळीपाळीने सांगत गेलो. नदी. लाकडी पूल. चर्च, लाल, विटांचं. कचेरी, कुलूप लावलेली, म्हणजे ग्रामसेवक तळ्यावर. तात्या नुसती मान डोलावत होते आणि गाडी इतकी हळू चालवत होते की मागून ट्रॅक्टरने हॉर्न दिला. तरीसुद्धा आम्ही अजून चर्चची खिडकी शोधतोय तोच समोर तळं आलं, तळ्यापलीकडे घर, घराशी अक्रोड. मिरवणुकीतली गाडीसुद्धा याहून वेगाने गेली असती, तरी लिपीनी पाव तासात संपली.

मीराने मागून मान पुढे काढली. "अंकल, दॅट्स इट?"

मग देसाईंचा आवाज आला, "संपली? एवढीच? अहो तात्या, दीड तासाची पंचायत होती की!"

तात्यांचा चेहरा आणखी लाल झाला. "इथे ट्रॅफिक नाही," ते म्हणाले, "त्याला मी काय करू?"

आणि मग ते हसू लागले. स्टिअरिंगवर डोकं टेकवून, खांदे हलवत, मिशांतून. राजापुरात देसाई हसत होते. ट्रॅक्टरवाला उतरून काय झालं म्हणून बघायला आला, आणि काही न कळता तोही हसू लागला.

दोन दिवस आम्ही त्या घरात राहिलो. निळ्या काठाच्या बशीत जेवलो; टवका माझ्या वाट्याला आला. खिडकीत शेवगा होता, हातभर. बिटाचं सूप प्यायलो तेव्हा श्रीधर म्हणाला, "अरे, ही तर गरम केलेली सोलकढी." दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. काउंटरमागची बाई खूप म्हातारी झाली होती. तिने तात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काहीतरी विचारलं. तात्या माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे चमकत होते.

"ती विचारतेय, किती दिवस आहात. तुम्हाला विचारतेय मॅडम. मला नाही."

निघायच्या सकाळी बहिणीने अक्रोडांची पिशवी दिली, गेल्या सालच्या. तात्यांनी तिचं तोंड सुतळीने बांधलं. ती गाठ मी अजून कापलेली नाही. आमची भाड्याची गाडी श्रीधर चालवत होता, आणि तात्या म्हणाले, "मी चालत पुढे जातो." वेस घरापासून बरीच लांब होती. आम्ही तासभर त्यांच्या बहिणीशी रेंगाळलो आणि मग हळूहळू निघालो. नदी, पूल, झालेसे. करडा कुत्रा भुंकला. पाटी दिसली तेव्हा तात्या रस्त्याच्या मधोमध उभे होते, लोकरी बंडीत, एक हात पोलिसासारखा आडवा.

श्रीधरने गाडी थांबवली. तात्यांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. रस्त्यावर दूरवर एकही गाडी नव्हती, फक्त कापलेल्या शेतात करकोचे उभे होते. तरी त्यांनी आम्हाला बराच वेळ थांबवून ठेवलं. नसलेल्या गाड्या जाऊ दिल्या. मग बाजूला झाले, हात वर केला आणि जोरात म्हणाले, "यल्ला!"

गाडी पाटीच्या पलीकडे आली. मी मागे वळून पाहिलं. तात्या पुन्हा रस्त्याच्या मधोमध आले होते आणि आमच्या मागे अडकलेल्या सगळ्या शारजाला, एकेक गाडी करून, पुढे सोडत होते.